ब्रिटिश मालिकांचे अमेरिकी अवतार : एका आठवड्यातली दोन उत्तरं



आजचा विषय वरवर हलकाफुलका वाटेल. ब्रिटनमध्ये गाजलेली टीव्ही मालिका अमेरिकेत जशीच्या तशी दाखवावी, की अमेरिकी नट, अमेरिकी शहर, अमेरिकी बोली घेऊन नव्याने करावी? यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण आमच्या मते या प्रश्नाच्या पोटात दोन गंभीर प्रश्न आहेत. पहिला असा की, दुसऱ्या समाजाची गोष्ट समजून घ्यायची तर आपण त्याच्या दारात जायचं, की त्याला आपले कपडे चढवून आपल्या घरात आणायचं? दुसरा प्रश्न उपहासाचा आहे. ज्या माणसाला हसावं म्हणून लेखकाने उभा केला, त्यालाच प्रेक्षक डोक्यावर घेऊ लागले तर काय करायचं? तत्त्वचर्चा आपण शेवटी करू. आधी इतिहास पाहू, कारण इतिहासाने हा प्रयोग आपल्यासाठी पुष्कळ वेळा करून ठेवला आहे.

सुरुवात १९७१च्या जानेवारीतल्या एका आठवड्यापासून करू. रविवार, १० जानेवारी. अमेरिकेतल्या पीबीएस या सार्वजनिक प्रसारण सेवेवर 'मास्टरपीस थिएटर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात ब्रिटिश मालिका मूळ रूपातच दाखवल्या जात. फक्त सुरुवातीला ॲलिस्टर कुक नावाचे गृहस्थ खुर्चीत बसून प्रेक्षकांना चार गोष्टी सांगत: हा काळ कुठला, हा सरदार कोण, त्या घराण्याचं वैर कशावरून. कुक जन्माने इंग्रज, नागरिकत्वाने अमेरिकन. आपल्या नाट्यपरंपरेतल्या शब्दात सांगायचं तर तो सूत्रधार. पाहुणा आपल्याच वेशात, आपल्याच बोलीत येणार, सूत्रधाराने फक्त त्याची ओळख करून द्यायची.

आणि मंगळवारी, १२ जानेवारीला, सीबीएस या व्यावसायिक वाहिनीवर 'ऑल इन द फॅमिली' सुरू झाली. ही बीबीसीवरच्या 'टिल डेथ अस डू पार्ट' या मालिकेवर बेतलेली. इथे सूत्रधार नाही. लंडनचं घर उचलून न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आणलं, माणसांची नावं बदलली, बोली बदलली. अनेक अमेरिकी प्रेक्षकांना तर हे मूळचं ब्रिटिश आहे याचा पत्ताही नव्हता.

म्हणजे दोन दिवसांच्या अंतराने एकाच प्रश्नाची दोन उत्तरं अमेरिकेसमोर आली. एक सूत्रधाराचं, दुसरं रूपांतराचं. पुढची पन्नास वर्षं ही दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी चालत आली आहेत.

आता व्यावसायिक वाहिन्यांनी मूळ मालिकाच का दाखवल्या नाहीत? याचं कारण निव्वळ रसिकतेत शोधू नये, ते हिशेबाच्या वहीतही आहे. बीबीसी चालते प्रेक्षकांच्या परवाना शुल्कावर. आपल्याकडेही एके काळी रेडिओचा परवाना पोस्टात जाऊन भरावा लागे, हे आपल्यातल्या पिकल्या केसांना आठवत असेल. तसंच ते. तिथे जाहिराती नाहीत. अर्ध्या तासाचा कार्यक्रम म्हणजे जवळजवळ पूर्ण अर्धा तास. आणि विनोदी मालिकेचं एक पर्व म्हणजे बहुधा सहा-सात भाग, तेही अनेकदा एकाच लेखकाने किंवा लेखकांच्या जोडीने लिहिलेले. अमेरिकेत त्या काळी सीबीएस, एनबीसी, एबीसी या तीन मोठ्या वाहिन्या. तिघींचं पोट जाहिरातीवर. अर्ध्या तासातली काही मिनिटं जाहिरातदाराची. एका पर्वाला वीस-बावीस किंवा त्याहून जास्त भाग लागत, आणि ते लिहायला लेखकांची अख्खी तुकडी बसे. सहा भागांची मालिका घेऊन ही वाहिनी सप्टेंबरपासून मेपर्यंतचं वेळापत्रक कसं भरणार? त्यात उच्चारांची अडचण. लंडनच्या ईस्ट एन्डमधली बोली ओहायोतल्या प्रेक्षकाला कळेल का, ही धास्ती. तेव्हा रूपांतर हा अमेरिकी वाहिन्यांचा केवळ अहंकार होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. अहंकार नव्हताच असं मात्र आम्ही म्हणत नाही.

आता 'टिल डेथ'कडे वळू. लेखक जॉनी स्पाइट, स्वतः ईस्ट एन्डच्या कामगार वस्तीत वाढलेले. १९६५मध्ये तिचा नमुन्याचा भाग आला आणि १९६६पासून मालिका सुरू झाली. नायक आल्फ गार्नेट. कामगार, पण राजनिष्ठ, टोरी पक्षाचा कट्टर मतदार. परदेशातून आलेले, काळे, ज्यू, समाजवादी, केस वाढवणारी तरुण पोरं, सगळ्यांवर त्याचा राग. आणि घरात जावई कोण? लिव्हरपूलचा, डाव्या विचारांचा, केस वाढवलेला. बायको एल्स वरून मख्ख, पण एक वाक्य असं टाकेल की आल्फचा फुगाच फुटेल. ब्रिटनमध्ये तो काळ साम्राज्य ओसरल्याचा. ज्या माणसाला आयुष्यभर सांगितलं की तू जगावर राज्य करणाऱ्या देशाचा नागरिक आहेस, त्याच्या हाती प्रत्यक्षात काय होतं? वॅपिंगमधलं जुनाट घर आणि अंगणातला संडास. त्याचा संताप तिथून येतो. स्पाइट त्या संतापाची चेष्टा करत होते.

नॉर्मन लिअर यांनी या मालिकेविषयी वाचलं आणि त्यांना आपले वडील आठवले. लिअर यांनी पुढे हे अनेकदा सांगितलं आहे. त्यांचे वडीलही असेच ठाम, असेच पूर्वग्रहांनी भरलेले, बायकोला गप्प बसवणारे. हा तपशील आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. लिअर यांनी हक्क विकत घेतले लंडनच्या मालिकेचे, पण माणूस घेतला तो स्वतःच्या घरातला. एबीसीसाठी त्यांनी १९६८ आणि १९६९ साली नमुन्याचे दोन भाग केले. एबीसीने दोन्ही नाकारले. शेवटी सीबीएसने मालिका घेतली, तीही भीत भीत. पहिल्या भागाआधी पडद्यावर एक निवेदन दाखवलं, त्याचा आशय असा की आपल्या दुबळेपणावर आणि पूर्वग्रहांवर हसता यावं म्हणून हा कार्यक्रम आहे. तक्रारींचे फोन घ्यायला जादा माणसं बसवली. फोनचा तो महापूर काही आला नाही. आणि वर्षभरात ही मालिका देशात पहिल्या क्रमांकावर गेली, सलग पाच वर्षं तिथेच राहिली.

आता या दोन घरांत फरक काय, ते पाहू. आल्फचा आर्ची बंकर झाला. राजाराणीची भक्ती गेली, तिच्या जागी निक्सन आला. वेस्ट हॅमचं फुटबॉल गेलं. मोठा बदल बायकोत झाला. एल्स कडवट होती. एडिथ भोळी, प्रेमळ, आणि अनेकदा घरातली सर्वांत न्यायी व्यक्ती. त्यामुळे अमेरिकी घरात ऊब आली. दुसरा बदल शेजारात. बंकर कुटुंबाच्या शेजारी जेफर्सन हे कृष्णवर्णीय कुटुंब राहतं आणि ते आर्चीला तोंडावर उत्तर देतं. पुढे १९७५मध्ये त्याच जेफर्सन कुटुंबाची स्वतंत्र मालिका निघाली, ती दहा वर्षं चालली. एडिथची चुलतबहीण मॉड हिचीही वेगळी मालिका १९७२मध्ये आली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या मालिकेतल्या मॉडने गर्भपाताचा निर्णय घेतला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा त्या विषयावरचा प्रसिद्ध निकाल यायच्या दोन महिने आधी! म्हणजे उसन्या आणलेल्या कलमाला इथे स्वतःच्या फांद्या फुटल्या. १९७१च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष निक्सन आपल्या कार्यालयात याच मालिकेविषयी कुरकुर करत होते. समलिंगी पुरुषाला चांगला माणूस म्हणून दाखवलं, हा त्यांचा राग. व्हाइट हाउसच्या ध्वनिफितींत ते संभाषण आहे. लंडनची मूळ मालिका अमेरिकेत दाखवली असती तर राष्ट्राध्यक्षाला ती इतकी बोचली असती का? आम्हाला नाही वाटत. परक्याच्या घरातलं भांडण माणूस कठड्याला रेलून बघतो. स्वतःच्या घरातलं असलं की आत जावं लागतं.

इथवर सगळं रूपांतराच्या बाजूने झालं. पण आता दुसरी बाजू.

१९७४मध्ये नील विडमार आणि मिल्टन रोकीच या दोन समाजमानसशास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतले किशोरवयीन आणि कॅनडातले प्रौढ प्रेक्षक त्यांनी तपासले. प्रश्न साधा होता: ही मालिका पाहून पूर्वग्रह कमी होतात का? त्यांना आढळलं ते असं की मालिका बहुतेकांना आवडते, पण ज्याच्या मनात आधीच पूर्वग्रह जास्त, त्याला आर्ची जास्त कौतुकाचा वाटतो, आर्चीचंच म्हणणं बरोबर वाटतं. एकच प्रसंग. उदारमतवादी माणूस आर्चीला हसला, आणि आर्चीसारखा माणूस आर्चीबरोबर हसला. दोघांनाही वाटलं की मालिका आपल्या बाजूची आहे.

हे फक्त अमेरिकेत झालं असं समजू नका. ब्रिटनमध्येही तेच झालं होतं. आल्फची भूमिका करणारे वॉरन मिचेल स्वतः ज्यू होते. पडद्यावर ते ज्यूंना शिव्या देत आणि रस्त्यात लोक त्यांना थांबवून शाबासकी देत, की त्या परक्यांना बरं सुनावलंत! मिचेल उत्तर देत, की आम्ही सुनावलं ते तुमच्यासारख्यांना. तेव्हा उपहासाचा हा धोका रूपांतराने निर्माण केला नाही. मात्र रूपांतराने तो वाढवला का? आमचं उत्तर असं की, थोडा वाढवला. कारण आर्ची अधिक लोभस केला. एडिथचं प्रेम त्याला मिळालं, आणि ज्याच्यावर एडिथ प्रेम करते तो वाईट कसा असेल? घरात ऊब आणली की घरातल्या दोषालाही ऊब मिळते. लिअर यांचं म्हणणं वेगळं असतं. पूर्वग्रह असणारा माणूस राक्षस नसतो, तो आपला बाप असतो, म्हणूनच तर त्याच्याशी वाद घालायचा. यातही तथ्य आहे. आम्ही वर्षानुवर्षं या दोन म्हणण्यांमध्ये हेलकावे खाल्ले आहेत.

तिसरं घर पश्चिम जर्मनीतलं. १९७३मध्ये वोल्फगांग मेंगे यांनी याच मालिकेचं जर्मन रूपांतर केलं. तिथला आल्फ्रेड टेटझ्लाफ. आखूड मिशी आणि भांग असा की पाहणाऱ्याला हिटलर आठवावा. बघा, सांगाडा एकच. लंडनमध्ये त्यातून गेलेलं साम्राज्य दिसलं, क्वीन्समध्ये वर्णद्वेष आणि व्हिएतनामच्या काळातलं पिढ्यांचं भांडण दिसलं, जर्मनीत न बोलला जाणारा भूतकाळ दिसला. चांगल्या रूपांतराची खूण आम्हाला इथे सापडते. ते मूळ गोष्टीची नक्कल करत नाही. मूळ गोष्टीने जिथे बोट ठेवलं, तिथे आपल्या समाजाचं दुखणं कुठलं आहे, ते शोधतं.

दुसरं उदाहरण घेऊ, कारण एका दाखल्यावर सिद्धान्त उभा करू नये. 'स्टेप्टो अँड सन', बीबीसी, १९६२. लेखक रे गाल्टन आणि ॲलन सिम्पसन. घोडागाडी घेऊन भंगार गोळा करणारे बापलेक. मुलाला वर चढायचं आहे. पुस्तकं, संगीत, चांगली सोबत हवी आहे. बाप त्याला सोडत नाही, आणि खरं तर तोही बापाला सोडू शकत नाही. पहिल्याच भागाच्या शेवटी मुलगा घर सोडायचं ठरवतो, सामान गाडीवर लादतो, पण घोडा मिळत नाही आणि गाडी त्याच्याने हलत नाही. तो रडतो. विनोदी मालिका ही! इंग्लंडमधल्या वर्गव्यवस्थेत अडकलेल्या माणसाचं ते चित्र आहे.

१९७२च्या जानेवारीत लिअर आणि त्यांचे भागीदार बड यॉर्किन यांनी एनबीसीवर 'सॅनफर्ड अँड सन' आणली. सुरुवातीचे काही भाग तर ब्रिटिश संहितांवरच बेतलेले. पण जागा कुठली? लॉस एंजेलिसमधलं वॉट्स. १९६५च्या ऑगस्टमध्ये याच वस्तीत दंगल पेटली होती आणि ३४ माणसं मेली होती. भंगारवाले बापलेक आता कृष्णवर्णीय. बापाच्या भूमिकेत रेड फॉक्स, ज्यांचं खरं आडनावच सॅनफर्ड होतं. ज्या वस्तीचं नाव अमेरिकेने फक्त दंगलीच्या बातमीत ऐकलं होतं, तिथलं एक घर दर आठवड्याला देशाच्या दिवाणखान्यात आलं. हे मोठं काम झालं. पण हरवलं काय? ते रडणं हरवलं. हॅरॉल्ड स्टेप्टोची ती घुसमट लॅमाँट सॅनफर्डमध्ये फार पातळ झाली. इंग्लंडमध्ये वर्ग हे नशीब आहे, अमेरिकेला मात्र वर्ग हे नशीब आहे असं मानवत नाही. तिथे वर्ण ही भिंत आहे आणि वर्ग ही शिडी, अशी त्यांची समजूत. शिडीवर अडकलेल्या माणसाची शोकांतिका त्यांना दाखवता येत नाही, किंवा पाहवत नाही म्हणा.

आता फसलेली उदाहरणं, कारण फसण्यातून जास्त कळतं.

'अपस्टेअर्स डाउनस्टेअर्स' ही १९७१ ते १९७५ या काळातली मालिका. लंडनच्या एका श्रीमंत घरातले मालक वर राहतात, नोकर खाली. १९७४पासून 'मास्टरपीस थिएटर'ने ती मूळ रूपात दाखवली आणि अमेरिकन लोकांनी तिच्यावर प्रेम केलं. हे पाहून सीबीएसला मोह झाला. १९७५मध्ये त्यांनी 'बीकन हिल' काढली. १९२०च्या दशकातलं बॉस्टन, श्रीमंत आयरिश-अमेरिकन कुटुंब, खाली नोकर. खर्च भरपूर, गाजावाजा भरपूर, आणि काही महिन्यांत मालिका बंद. असं का व्हावं? आम्हाला वाटतं, अमेरिकन प्रेक्षकाला त्या इंग्रज घरातला परकेपणाच पाहायचा होता. सूत्रधाराच्या मागे मागे जाऊन दुसऱ्याचं जग पाहण्यात जो आनंद आहे, तो ते जग ओढून आपल्या गल्लीत आणलं की संपतो.

'फॉल्टी टॉवर्स'चं तर विचारूच नका. मूळचे भाग फक्त बारा, १९७५ आणि १९७९मधले. अमेरिकेने तीनदा प्रयत्न केला. १९७८मध्ये एक नमुन्याचा भाग झाला, तो पुढे गेलाच नाही. १९८३मध्ये एबीसीने 'अमांडाज' आणली. त्यात बेसिल फॉल्टीच काढून टाकला आणि हॉटेलची मालकीण म्हणून बिया आर्थर यांना घेतलं, म्हणजे पूर्वीच्या मॉड त्याच. ती काही महिने टिकली. १९९९मध्ये सीबीएसने 'पेन' आणली, ती आठवड्यांत गेली. नट वाईट नव्हते. मग अडलं कुठे? बेसिल हा हॉटेल चालवतो, पण गिऱ्हाइकाची सेवा करणं हे त्याला आपल्या दर्जाला कमीपणा आणणारं वाटतं. पहिल्याच भागात एक भामटा लॉर्ड बनून येतो आणि बेसिल त्याच्यापुढे लोटांगण घालतो. साध्या गिऱ्हाइकावर खेकसणं आणि खोट्या लॉर्डपुढे वाकणं हा एकाच रोगाचा ताप आहे. अमेरिकेत लॉर्ड नाहीत. हॉटेल चालवून पैसा कमावण्यात लाज नाही. मग तिथला बेसिल नुसताच चिडका माणूस उरतो. चिडका माणूस दोन भाग पाहवतो, तिसऱ्याला कंटाळा येतो.

आणि 'द ऑफिस'? हे उदाहरण तरुण मंडळींना जास्त ओळखीचं. रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट यांची मालिका, २००१ ते २००३, नाताळचे विशेष भाग धरून एकूण चौदा. गाव स्लाऊ, कागद विकणारी कंपनी, साहेब डेव्हिड ब्रेंट. २००५मध्ये ग्रेग डॅनियल्स यांनी एनबीसीसाठी ती केली. गाव पेनसिल्व्हेनियातलं स्क्रॅन्टन, एके काळी कोळशाच्या खाणींवर पोसलेलं. पहिला भाग जवळजवळ शब्दशः मूळचाच. आणि नेमका तोच भाग सर्वांत उपरा वाटतो. तीच वाक्यं, पण जिभेवर बसत नाहीत. दुसऱ्या पर्वापासून त्यांनी नकलेचा नाद सोडला. मायकेल स्कॉट अधिक प्रेमळ झाला, कामात कधी कधी हुशारही निघाला, सहकारी हळूहळू कुटुंब झाले. मालिका २०१३पर्यंत चालली, २०१ भाग. ब्रिटिश 'ऑफिस' सांगतं की आयुष्य इथेच, या टेबलापाशी संपणार आहे आणि आपण विनोद करून ते विसरतो आहोत. अमेरिकी 'ऑफिस' सांगतं की टेबल कंटाळवाणं असलं तरी शेजारचा माणूस आपला आहे. दोन्ही खरं आहे. पण दोन्ही एकच नाही. एक पाहून दुसरं पाहिल्याचं समाधान मानू नये.

थोडं आपल्याकडे येऊ, कारण इथे खरा धागा आहे. 'येस मिनिस्टर' ही १९८०च्या दशकातली मालिका. मंत्री येतात आणि जातात, सचिव कायम राहतो आणि राज्य तोच करतो. अमेरिकेत हे बसवणं मुळातच कठीण. तिथे 'सेक्रेटरी' म्हणजे स्वतः मंत्रीच, आणि राष्ट्राध्यक्ष बदलला की वरची हजारो पदं बदलतात. पण आपल्याकडे? २००१मध्ये स्टार प्लसवर फारूख शेख यांना मंत्री करून 'जी मंत्रीजी' आली. आपलं सचिवालय, टिप्पणी, फाइल, 'नियमात बसत नाही' हे सगळं मुळात ज्या घराण्यातून आलं, त्याच घराण्याची ती मालिका. म्हणजे अमेरिकेची भाषा इंग्रजी असूनही ही गोष्ट तिथे परकी, आणि आपली भाषा वेगळी असूनही आपल्याला ओळखीची. भाषेच्या जवळिकीपेक्षा व्यवस्थेची जवळीक जास्त मोलाची ठरते, हे यातून दिसतं.

बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'चंही तसंच. अमेरिकनांनी १९५६मध्ये त्यावरून ब्रॉडवेवर 'माय फेअर लेडी' केलं, पण फुलवाली लंडनमध्येच ठेवली. आणि पु. ल. देशपांडे यांनी १९७५मध्ये 'ती फुलराणी' केली तेव्हा तिला सरळ मराठी केलं. का जमलं ते? कारण उच्चारावरून माणसाची पायरी ठरवायचा रोग आपल्याकडेही आहे. 'आनी-पानी' म्हणणाऱ्याला हसणारे आपणच की नाही? पुलंच्या रूपांतराला दुखणं शोधावं लागलं नाही. ते इथे होतंच.

आता निष्कर्षाकडे. रिमेक करावेत की करू नयेत, हा प्रश्न आम्हाला अर्धाच वाटतो. तीन गोष्टी तपासाव्यात असं आम्ही सुचवतो. एक, मूळ गोष्टीचा विनोद किंवा वेदना कुठल्या सामाजिक गाठीतून येते? ती गाठ दुसऱ्या समाजात आहे का, निदान तिच्या जागी दुसरी कुठली गाठ आहे का? नसेल तर सूत्रधार नेमा आणि मूळच दाखवा. 'फॉल्टी टॉवर्स' मुकाट्याने दाखवावी, तिला हात लावू नये. दोन, रूपांतर करणाऱ्याला स्वतःच्या घरातलं काही सांगायचं आहे का, की फक्त यश आयात करायचं आहे? लिअर यांना बाप सांगायचा होता. 'बीकन हिल'ला फक्त दुसऱ्याचं यश हवं होतं. तीन, रूपांतर झाल्यावर मूळ कृती पाहण्याची वाट खुली राहते का?

या तिसऱ्या मुद्द्यावर आमचा खरा जीव अडकला आहे. मोठ्या देशाला एक सवय लागू शकते. जगातलं जे जे चांगलं, ते आपल्याच चेहऱ्यात, आपल्याच उच्चारात, आपल्याच गावात मांडून घ्यायचं. तशी सवय लागलेल्या समाजाला हळूहळू दुसऱ्याचं ऐकताच येईनासं होतं. प्रत्येक रूपांतर चांगलं असूनही त्यांची बेरीज वाईट होऊ शकते. सुदैवाने काळ थोडा बदलला आहे. इंटरनेटवरून मूळ मालिका घरोघरी पोहोचतात, खालच्या ओळी वाचत परभाषेतलं पाहायची लोकांना सवय झाली आहे. 'ब्रॉडचर्च' ही ब्रिटिश मालिका अमेरिकेत दाखवून झाल्यावर २०१४मध्ये फॉक्स वाहिनीने तिचं रूपांतर केलं, 'ग्रेसपॉइंट'. मुख्य नटही तोच घेतला, डेव्हिड टेनंट, फक्त उच्चार अमेरिकी. एका पर्वात ती संपली. मूळ पाहायला मिळत असताना त्याची छापील प्रत कोण घेणार?

आणि उपहासाचा तो प्रश्न? तो सुटला असं आम्ही म्हणणार नाही. आर्चीकडे पाहून दोन प्रकारची माणसं दोन कारणांनी हसली, ती आजही हसतात. मालिका मूळची असो की रूपांतरित, आपण नक्की कुणाला हसतो आहोत हे दिग्दर्शक आपल्यासाठी ठरवू शकत नाही. सूत्रधारही नाही. ते ज्याचं त्याने घरी बसून, टीव्ही बंद केल्यावर स्वतःला विचारायचं असतं.

आज एवढंच. शक्य असेल त्यांनी पुढच्या वेळेपर्यंत 'टिल डेथ'चा एक आणि 'ऑल इन द फॅमिली'चा एक असे दोन भाग लागोपाठ पाहून यावेत. मग कुठे हसू आलं आणि कुठे नाही, त्यावर बोलू.